घरभर जाहिरातबंदी: पाय-होल बसवला, पण घरातली सगळी यंत्रं त्यालाच विचारतात का?

नेमस्त

घरच्या नेटवर्कवर डीएनएस पातळीवर जाहिराती अडवायच्या म्हटलं की सगळी चर्चा पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम (जाहिरातींची डोमेनं अडवणारे, घरातच चालवायचे डीएनएस सर्व्हर) इन्स्टॉल कसं करायचं यावरच होते. तो भाग सगळ्यात सोपा. खरं काम त्यानंतर सुरू होतं: घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, लॅपटॉप डोमेनचा पत्ता विचारायला त्याच एका यंत्राकडे जातो की नाही, हे पाहणं. एक जरी पळवाट राहिली तर जाहिराती अधूनमधून दिसत राहतात आणि माणूस यादीवर यादी जोडत बसतो. दोष यादीचा नसतोच.

नव्या वाचकांसाठी मूळ कल्पना सांगतो. अ‍ॅप एखाद्या डोमेनशी जोडणी करण्याआधी डीएनएस सर्व्हरला त्याचा आयपी पत्ता विचारतं. आपला सर्व्हर ते नाव यादीत बघतो. सापडलं तर ०.०.०.० हे उत्तर देतो आणि विषय तिथेच संपतो. नाही सापडलं तर पुढच्या सर्व्हरला विचारून खरं उत्तर आणून देतो. त्यामुळे जाहिरात लपवली जात नाही, ती डाउनलोडच होत नाही.

साधारण मांडणी अशी:

१. रास्पबेरी पायला (हा एक छोटा संगणक) राउटरच्या डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) रिझर्व्हेशनमधून पक्का पत्ता द्यायचा, समजा १९२.१६८.१.२.
२. त्यावर पाय-होल टाकायचा. सुरुवातीला तो स्वतः सुचवतो ती अडवायच्या डोमेनांची स्टीव्हन ब्लॅकची यादीच ठेवायची.
३. राउटरमध्ये डीएनएस म्हणून हा पत्ता भरायचा.
४. प्रत्येक यंत्राचं वायफाय बंद करून चालू करायचं, म्हणजे नवी लीज (ठरावीक मुदतीचा पत्ता) मिळते आणि तिच्यासोबत नवा डीएनएस.
५. लॅपटॉपवर एनएसलुकअप या कमांडने डबलक्लिक डॉट नेट विचारून बघायचं. उत्तर ०.०.०.० आलं आणि उत्तर देणारा १९२.१६८.१.२ असला की त्या यंत्रापुरतं काम झालं.

तिसऱ्या पायरीत आणि तिच्यापुढे जे जे घोळ होतात, ते जाणकारांनी इथे लिहावेत. विशेषतः दुसरा डीएनएस, आयपीव्ही६ (लांब पत्त्यांची नवी पद्धत), आणि आपलंच म्हणणं खरं करणारे टीव्ही.

तारयंत्र

चांगला विषय. तिसरी पायरी आणखी नेमकी लिहायला हवी. राउटरमध्ये डीएनएस भरायच्या दोन जागा असतात: एक वॅन (बाहेरची जोडणी) किंवा इंटरनेटच्या पानावर, दुसरी लॅन (घरातलं नेटवर्क) किंवा डीएचसीपीच्या पानावर. भरायचा तो लॅनच्या पानावर.

वॅनवर भरला तर यंत्रं आधी राउटरला विचारतात आणि राउटर पाय-होलला. जाहिराती जातात, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. पण पाय-होलच्या नोंदीत सगळ्या क्वेरी (विचारलेले प्रश्न) एकाच पत्त्यावरून, म्हणजे राउटरवरून आलेल्या दिसतात. कोणत्या यंत्राचं काय अडलं ते कळत नाही, एखाद्या यंत्राला वेगळी सूट देता येत नाही. आणि वाईट गोष्ट पुढे आहे: पाय-होलची मूळ मर्यादा एका क्लायंटला (विचारणाऱ्या यंत्राला) ६० सेकंदांत १००० क्वेरी एवढी असते. घरातली सगळी यंत्रं मिळून एकच क्लायंट झाली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग उरलेल्या मिनिटात प्रत्येक प्रश्नाला नकार मिळतो आणि अख्ख्या घराचं इंटरनेट मधेच अडखळतं. लोक इंटरनेट कंपनीला फोन लावतात, दोष असतो या एका रकान्यात.

वॅनवर पाय-होल आणि पाय-होलचा अपस्ट्रीम (तो पुढे ज्याला विचारतो तो सर्व्हर) म्हणून राउटर, असं दोन्ही भरलं असेल तर क्वेरी दोघांमध्ये गोल गोल फिरत राहते. अपस्ट्रीम बाहेरचाच ठेवा.

पूर्वा_दे

आमच्या राउटरमध्ये लॅनच्या पानावर दोन रकाने आहेत आणि दुसरा रिकामा सोडला तर सेव्हच होत नाही. तिथे गूगलच्या डीएनएसचं ८.८.८.८ टाकलं तर चालेल ना? पाय बंद पडला तर निदान इंटरनेट तरी चालेल.

वायरमन

@पूर्वाताई, नको. दारं-खिडक्या लावायच्या आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं, असं होईल ते. 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' ही नावंच फसवी आहेत. दुसरा फक्त पहिला पडल्यावर वापरायचा, असा नियम यंत्रं पाळत नाहीत. कोणी आलटून पालटून विचारतं, कोणी दोघांना एकदम विचारून आधी आलेलं उत्तर घेतं, कोणी पहिल्याकडून एकदा उशीर झाला की बराच वेळ दुसऱ्यालाच धरून बसतं. "कधी जाहिराती येतात, कधी येत नाहीत" या तक्रारीचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

दोन्ही रकान्यांत तोच पत्ता भरून बघा. तोही राउटरने नाकारला तर दुसरा पाय-होल उभा करणं हा सरळ मार्ग. त्याला वेगळं यंत्र लागेलच असं नाही, घरात कायम चालू असणारा एनएएस (नेटवर्कवरचा साठवण संच) किंवा छोटा पीसी असेल तर त्यावर बसतो.

आणखी एक तपासा. काही राउटर तुम्ही भरलेल्या पत्त्यासोबत गुपचूप स्वतःचाही पत्ता यादीत जोडतात. राउटरच्या पानावर ते दिसत नाही. विंडोज असेल तर आयपीकॉन्फिग ही कमांड 'ऑल' पर्यायासह चालवा आणि 'डीएनएस सर्व्हर्स'समोर किती ओळी आहेत ते मोजा. पाय-होलच्या पत्त्याखेरीज एकही ओळ असता कामा नये.

शून्यमार्ग

त्या ओळींमध्ये एफई८० ने किंवा २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६ वाला डीएनएस. बहुतेक घरांत गळती इथूनच होते.

राउटर आयपीव्ही६ साठी डीएनएस दोन वाटांनी सांगतो: राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंटमधून (राउटर नेटवर्कवर स्वतःहून करतो ती घोषणा) आणि डीएचसीपीव्ही६ मधून. तुम्ही आयपीव्ही४ चा रकाना बदलला तरी या वाटांवर राउटर स्वतःचं नाव सांगत राहतो आणि यंत्रं खुशाल तिकडे जातात. यात अँड्रॉइडची एक खोड लक्षात ठेवा: तो डीएचसीपीव्ही६ चं ऐकत नाही, फक्त अ‍ॅडव्हर्टाइजमेंटमधला डीएनएस घेतो. म्हणून केवळ डीएचसीपीव्ही६ चा रकाना बदलून लॅपटॉप सुधारतो आणि फोन तसाच राहतो.

उपाय पसंतीच्या क्रमाने:

राउटर परवानगी देत असेल तर अ‍ॅडव्हर्टाइजमेंटमध्ये पायचा एफडी ने सुरू होणारा स्थानिक पत्ता द्या. २ ने सुरू होणारा जागतिक पत्ता देऊ नका. कंपनीकडून मिळणारा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलला की तो पत्ता मरतो.

राउटर डीएनएस बदलू देत नसेल, पण जाहीर न करण्याची सोय देत असेल, तर ती वापरा. आयपीव्ही४ वरून विचारलेल्या प्रश्नालाही आयपीव्ही६ चे पत्ते मिळतात, त्यामुळे काही बिघडत नाही.

दोन्ही जमत नसेल तर लॅनवर आयपीव्ही६ बंद. मला हा उपाय आवडत नाही, पण अर्धवट चालू ठेवण्यापेक्षा बरा.

सांजवेळ

एवढा सगळा उपद्व्याप कशासाठी करायचा? ब्राउझरमध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका आणि फोनच्या 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये अ‍ॅडगार्डचा किंवा नेक्स्टडीएनएसचा (जाहिराती अडवणाऱ्या डीएनएस सेवा) पत्ता भरा. ना पाय, ना मेमरी कार्ड, ना राउटर. घराबाहेर मोबाइल डेटावरही चालतं. राउटरवर लावायचं तर अ‍ॅडगार्डचे सार्वजनिक पत्ते ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५ आहेतच. दोन्ही रकाने भरले, काम झालं.

तारयंत्र

@सांजवेळ, ज्यांना घरात एक यंत्र कायम सांभाळायचं नाही त्यांच्यासाठी हा सल्ला योग्यच आहे. दोन्ही पत्ते अडवणारेच असल्यामुळे वायरमन यांनी सांगितलेली दुसऱ्या रकान्याची अडचणही येत नाही. नेक्स्टडीएनएसमध्ये महिन्याला तीन लाख क्वेरी फुकट आहेत. त्या संपल्या की इंटरनेट चालू राहतं, पण अडवणं थांबतं. टीव्ही आणि कॅमेरे सतत बडबड करणारे असतील तर भरल्या घरात ही मर्यादा महिना संपायच्या आत गाठली जाऊ शकते.

फरक दोन ठिकाणी पडतो. सार्वजनिक पत्ते वापरले तर एखादी साइट मोडल्यावर तेवढंच एक डोमेन सोडता येत नाही. आणि घरातल्या सगळ्या क्वेरींची नोंद आपल्याकडे न राहता दुसऱ्याकडे जाते.

मुक्तस्रोत

युब्लॉक आणि पाय-होल यांत एकच निवडायचा, असं नाहीच मुळी. पाय-होलला फक्त डोमेन दिसतं, पानातला मजकूर दिसत नाही. युब्लॉकला पान दिसतं, पण टीव्ही आणि फोनमधली अ‍ॅप्स त्याच्या आवाक्याबाहेर. दोन्ही लावा. क्रोममध्ये मॅनिफेस्ट व्ही३ (एक्स्टेंशनचे नवे नियम) आल्यापासून पूर्ण युब्लॉक ओरिजिन चालत नाही, फक्त त्याची लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतं.

गणकयंत्र_९

टीव्हीवरच्या यूट्यूबच्या जाहिराती काही केल्या जात नाहीत. कोणती यादी लावू?

मुक्तस्रोत

@गणकयंत्र_९, कोणतीच नाही. जाहिरातीचा व्हिडिओ आणि मूळ व्हिडिओ दोन्ही गूगलव्हिडिओ डॉट कॉमच्याच सर्व्हरवरून येतात. डीएनएसला दोन्हींत फरक करता येत नाही. ते डोमेन अडवलं तर व्हिडिओसुद्धा बंद. यूट्यूबसाठी खास म्हणून फिरणाऱ्या याद्या आणि रेजेक्स (नावांचे नमुने) टाकू नका, त्यांनी व्हिडिओ अडकतात आणि जाहिराती तशाच राहतात. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या फीडमधल्या जाहिरातींचंही तेच, त्या मूळ मजकुरासोबत त्याच दारातून येतात.

जातं काय, तर अ‍ॅपमधले बॅनर, गेममधल्या जाहिराती, बातम्यांच्या साइटवरचा पसारा, टीव्हीच्या मुखपृष्ठावरच्या जाहिराती आणि पडद्यामागचं ट्रॅकिंग. खरा फायदा या शेवटच्यात आहे.

आणि हो, गेममध्ये 'जाहिरात बघा, नाणी मिळवा' असतं ते बटण चालेनासं होतं. मुलांना आधीच सांगून ठेवा, घरात लोकप्रिय होण्याचा हा मार्ग नव्हे. :)

अनाहूत_बिट

यंत्राबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पाय झीरो २ डब्ल्यू पुरेसा आहे. ५१२ एमबी रॅममध्ये पाय-होल आरामात चालतो. पण त्याला लॅनचं पोर्ट नाही, फक्त वायफाय आहे. अख्ख्या घराच्या प्रत्येक क्लिकची सुरुवात ज्या यंत्रातून होते ते वायरवर असावं असं माझं मत, म्हणून पाय ३ किंवा ४ आणि राउटरपर्यंत केबल. पाय ३ ला ५ व्होल्ट २.५ अँपियर, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपियरचा पुरवठा हवा. फोनच्या जुन्या चार्जरवर व्होल्टेज खाली येतं आणि कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडते.

कार्डावर सर्वाधिक लिहिणारी गोष्ट म्हणजे क्वेरींचा डेटाबेस. तो दर मिनिटाला कार्डावर उतरवला जातो. आवृत्ती ६ मध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२५ पासून, सगळी सेटिंग्ज पायहोल डॉट टोमल या एका फायलीत आली आहेत. त्यात डीबीइंटरव्हल ६० वरून ३६०० करा आणि मॅक्सडीबीडेज कमी करून ७ करा. वीज गेली तर तासाभराच्या नोंदी जातील, त्यांचं काही महत्त्व नसतं.

उबंटूवर बसवताना पोर्ट ५३ (डीएनएसचं ठरलेलं दार) आधीच अडलेलं असतं, कारण त्याची स्वतःची डीएनएस सेवा सिस्टिमडी-रिझॉल्व्हड १२७.०.०.५३ वर बसलेला असतो. त्याच्या कॉन्फिग फायलीत डीएनएसस्टबलिसनर 'नो' करून सेवा पुन्हा चालू करा. सेवाच काढून टाकू नका, नाहीतर त्या यंत्राला स्वतःलाच नावं सापडत नाहीत आणि इन्स्टॉलर अर्ध्यात थांबतो.

डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) चालवणार असाल तर होस्ट नेटवर्क वापरा. ब्रिजवर ठेवलं तर बरेचदा सगळे क्लायंट डॉकरच्या गेटवेच्या एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात, म्हणजे तारयंत्र यांनी लिहिलेली मर्यादेची भानगड पुन्हा. शिवाय 'फक्त स्थानिक' हा ऐकण्याचा पर्याय ब्रिजवर घरच्याच यंत्रांना परकं समजून नाकारतो.

झाडाझडती

वीज जाण्याचा विषय निघालाच आहे तर एक खोल खड्डा दाखवतो. पाय ४ पर्यंतच्या कोणत्याही पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज बराच वेळ गेली आणि आली की पाय मागच्याच वेळेवर उठतो. तुम्ही अनबाउंड (उत्तरं स्वतः शोधणारा डीएनएस सर्व्हर) आणि डीएनएसेक (उत्तरांवरच्या सह्या तपासणं) लावलं असेल तर त्या घड्याळाप्रमाणे डीएनएसच्या सह्या भविष्यातल्या दिसतात, म्हणून तो प्रत्येक उत्तर अवैध ठरवतो. वेळ सुधारायला टाइम सर्व्हरचं नाव विचारावं लागतं आणि तेही उत्तर अवैध ठरतं. वेळ चुकीची म्हणून नाव सापडत नाही, नाव सापडत नाही म्हणून वेळ सुधारत नाही. बाहेरून दिसतं एवढंच की वीज आल्यावर घरात वायफाय आहे आणि इंटरनेट नाही.

उपाय: टाइम सर्व्हर नावाऐवजी आयपी पत्त्याने द्या. राउटर स्वतः एनटीपी (वेळ सांगणारा) सर्व्हर असेल तर १९२.१६८.१.१ सर्वांत सोपं. किंवा डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल जोडा. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, फक्त बॅटरी वेगळी लावावी लागते.

सांजवेळ

हे वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. अनबाउंडच कशाला हवा? ९.९.९.९ किंवा १.१.१.१ हे सार्वजनिक डीएनएस अपस्ट्रीम ठेवा.

झाडाझडती

@सांजवेळ, अनबाउंड रूट सर्व्हरपासून स्वतः शोधत जातो, त्यामुळे घरातल्या सगळ्या क्वेरी एकाच कंपनीकडे जमा होत नाहीत. त्यासाठी तो हवा. पण त्याच्या क्वेरी उघड्या जातात, वाटेतल्या इंटरनेट कंपनीला त्या दिसतात. तिच्यापासून लपवायच्या असतील तर अपस्ट्रीमला डीओएच किंवा डीओटी (एन्क्रिप्ट केलेलं डीएनएस) हवं. अ‍ॅडगार्ड होममध्ये हे आतच आहे, अपस्ट्रीमच्या रकान्यात पत्ता भरला की झालं. पाय-होलला त्यासाठी मधे वेगळा प्रोग्राम बसवावा लागतो. कोणापासून लपवायचं ते आधी ठरवा, मग साधन निवडा.

वायरमन

आता मूळ प्रश्नातले हट्टी टीव्ही. काही टीव्ही आणि स्ट्रीमिंग डोंगल डीएचसीपीचं न ऐकता थेट ८.८.८.८ ला विचारतात. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) किंवा फायरवॉलचे नियम लिहू देणारं काही असेल तरच यावर इलाज आहे.

नियम असा: लॅनमधून निघालेली, पोर्ट ५३ वर जाणारी, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही प्रकारची क्वेरी, ती कोणत्याही पत्त्यावर जात असली तरी १९२.१६८.१.२ कडे वळवा. यातून १९२.१६८.१.२ ला स्वतःला वगळा, नाहीतर पायची बाहेर जाणारी क्वेरी त्याच्याकडेच परत येते.

एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात आणि टीव्ही बंद पडतो. कारण बघा. टीव्ही १९२.१६८.१.५० ने प्रश्न विचारला ८.८.८.८ ला. राउटरने तो पायकडे वळवला. पाय आणि टीव्ही एकाच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या गटात), त्यामुळे पाय राउटरला वगळून थेट टीव्हीला उत्तर पाठवतो. टीव्हीला उत्तर आलं १९२.१६८.१.२ कडून. त्याने तर ८.८.८.८ ला विचारलं होतं, म्हणून तो हे उत्तर फेकून देतो. यासाठी वळवलेल्या क्वेरींवर मास्करेडचाही नियम लागतो, म्हणजे पायला प्रश्न राउटरकडून आल्यासारखा वाटतो, उत्तर राउटरमार्गे जातं आणि राउटर त्यावर पुन्हा ८.८.८.८ ची मोहोर लावून टीव्हीला देतो. किंमत एवढीच की नोंदीत या क्वेरी राउटरच्या नावावर दिसतात. पायला वेगळ्या सबनेटमध्ये ठेवलं तर मास्करेडची गरज राहत नाही.

सोबत बाहेर जाणारं पोर्ट ८५३ बंद करा, म्हणजे डीओटीची वाट बंद. डीओएच मात्र ४४३ वरून साध्या वेब ट्रॅफिकसारखं जातं, ते पोर्टवरून ओळखता येत नाही. त्यासाठी हगेझीची डीओएच सर्व्हरांची वेगळी यादी आहे, ती पाय-होलमध्ये जोडली की बरेचसे अडतात. यंत्राने पत्ता थेट आयपीने लिहून ठेवला असेल तर डीएनएसच्या हाती काही उरत नाही, तो पत्ता फायरवॉलमध्येच अडवावा लागतो.

शून्यमार्ग

वायरमन यांना +१. फक्त ८५३ बंद करताना 'ड्रॉप' न करता 'रिजेक्ट' करा. ड्रॉप केलं तर यंत्र उत्तराची वाट बघत बसतं आणि प्रत्येक गोष्ट संथ वाटते. रिजेक्टने लगेच नकार मिळतो.

ब्राउझर आणि फोनबद्दल थोडं. फायरफॉक्स आपणहून डीओएच चालू करण्याआधी एक ठरावीक डोमेन विचारतो. पाय-होल त्याला 'असं नाव नाही' म्हणतो आणि फायरफॉक्स डीओएचचा नाद सोडतो. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू केलं असेल तर मात्र तो विचारत नाही. आयक्लाउड प्रायव्हेट रिलेच्या (अॅपलची ट्रॅफिक लपवणारी सेवा) नावांनाही पाय-होल मुळातच नकार देतो. अँड्रॉइडचं प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर असेल तर काळजी नाही: नेटवर्कने दिलेल्याच सर्व्हरला ८५३ वर विचारून बघतो, नाही जमलं तर ५३ वर येतो. तिथे कोणाचं नाव लिहिलेलं असेल तर तो फोन घरच्या पाय-होलला विचारत नाही. आणि त्या नावाचा सर्व्हर ८५३ बंद केल्यामुळे सापडेनासा झाला तर त्या फोनचं इंटरनेटच थांबतं. पाहुण्यांच्या फोनचं असं झालं तर आधी हे बघा.

पूर्वा_दे

सगळ्यांचे आभार, दोन्ही रकान्यांत एकच पत्ता घेतला राउटरने. पण आता घरातून वेगळ्या तक्रारी आहेत. गूगलवर शोधल्यावर वरचे एक-दोन दुवे उघडत नाहीत. आणि यूट्यूबची हिस्टरी नोंदली जात नाही.

मुक्तस्रोत

@पूर्वाताई, वरचे दुवे प्रायोजित असतात, ते गूगलअ‍ॅडसर्व्हिसेस डॉट कॉमवरून पुढे पाठवतात आणि ते डोमेन जवळपास प्रत्येक यादीत असतं. घरच्यांना खालचा साधा दुवा उघडायला सांगणं उत्तम. हिस्टरीसाठी एस डॉट यूट्यूब डॉट कॉम हे नाव सोडावं लागतं, ते कडक याद्यांमध्ये असतं.

काही मोडलं की यादी काढून टाकू नका. त्या यंत्रावर ती गोष्ट पुन्हा करा, लगेच क्वेरी लॉग उघडून त्या यंत्राच्या पत्त्याने गाळा, शेवटच्या काही सेकंदांतल्या लाल (अडवलेल्या) ओळी बघा. संशयित नाव एकेक करून सोडा. अडवलेल्या उत्तराची मुदत २ सेकंदच असते, पण ब्राउझर स्वतःकडे जास्त काळ धरून ठेवू शकतो, म्हणून टॅब बंद करून उघडा. लाल ओळ दिसतच नसेल तर दोष पाय-होलचा नाही.

याद्यांचं म्हणाल तर स्टीव्हन ब्लॅक किंवा ओआयएसडी किंवा हगेझी प्रो, यांतली एक पुरे. मोठ्या याद्या एकमेकींत मिसळलेल्याच असतात. डॅशबोर्डवर टक्के वाढले म्हणजे संरक्षण वाढलं असंही नाही. एखादा टीव्ही नकार मिळाल्यावर तेच नाव सेकंदा-सेकंदाला विचारत बसतो आणि टक्के फुगतात.

नेमस्त

घरातल्या तक्रारींवर ग्रुपची सोय फार उपयोगी आहे. 'मोकळे' नावाचा ग्रुप करा, त्याला एकही यादी जोडू नका. ज्यांना हे नको आहे त्यांचं यंत्र क्लायंटमध्ये घालून मूळ ग्रुपमधून काढा आणि इथे टाका. मूळ ग्रुपची खूण काढायला विसरलं तर दोन्ही ग्रुपचे नियम लागतात आणि काहीच बदललं नाही असं वाटतं. फोनमध्ये त्या वायफायपुरता 'रँडम मॅक' (बदलता हार्डवेअर पत्ता) बंद करा, नाहीतर पत्ता बदलला की तो या ग्रुपमधून निसटतो.

तारयंत्र

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. क्वेरी लॉग म्हणजे घरातला प्रत्येक माणूस किती वाजता कोणत्या साइटवर गेला याची वही आहे. ती एकाच्या हातात असते. घरातल्यांना हे माहीत असलंच पाहिजे. पाय-होलमध्ये प्रायव्हसीच्या ० ते ३ अशा पातळ्या आहेत: १ वर डोमेन लपतात, २ वर डोमेन आणि क्लायंट दोन्ही, ३ वर काहीच नोंदलं जात नाही. सगळं नीट बसेपर्यंत ० ठेवा, मग २ वर न्या. काही मोडलं तर तेवढ्यापुरतं परत ० वर आणता येतं.

सांजवेळ

याच्याशी शंभर टक्के सहमत.

अनाहूत_बिट

२ वर नेलं की मुक्तस्रोत यांनी सांगितलेली लाल ओळ शोधायची पद्धत बंद पडते, म्हणून घाई करू नका. मी नोंदी सात दिवसांत पुसल्या जाव्यात या बाजूचा आहे.

गणकयंत्र_९

घराबाहेर असताना हाच पाय-होल वापरायचा आहे. राउटरवर पोर्ट ५३ फॉरवर्ड केलं तर?

वायरमन

@गणकयंत्र_९, अजिबात नको. इंटरनेटवर उघडा असलेला डीएनएस सर्व्हर शोधणारे स्कॅनर सतत फिरत असतात. छोट्या क्वेरीला मोठं उत्तर मिळतं, याचा वापर करून ते तुमच्या घरातून दुसऱ्या कोणावर हल्ला चढवतात. पायवर वायरगार्ड हा व्हीपीएन बसवा, एकच यूडीपी पोर्ट उघडा, बहुतेक ठिकाणी ५१८२० असतं. फोनच्या वायरगार्डमध्ये डीएनएस म्हणून १९२.१६८.१.२ आणि 'अलाउड आयपी'मध्ये फक्त १९२.१६८.१.२/३२ लिहा. म्हणजे डीएनएस तेवढं घरून जातं, बाकी ट्रॅफिक थेट. कंपनीने सार्वजनिक आयपी दिलेला नसेल तर पोर्ट उघडून उपयोग नाही, तिथे टेलस्केल (पोर्ट न उघडता चालणारा व्हीपीएन) चालतं.

खिडकीतला_पक्षी

उशिरा आलो धाग्यावर. आमच्या राउटरमध्ये लॅनच्या पानावर डीएनएसचा रकानाच नाही. कंपनीने तो भाग कुलूपबंद केलाय. मग मूळ तिसरी पायरीच करता येत नाही. प्रत्येक यंत्रात हाताने भरू?

झाडाझडती

@खिडकीतला_पक्षी, गरज नाही. राउटरचा डीएचसीपी बंद करता येतो का बघा, तो पर्याय बहुतेक वेळा उघडा ठेवलेला असतो. तो बंद करून पाय-होलचा डीएचसीपी चालू करायचा. क्रम महत्त्वाचा आहे:

आधी पायलाच आतून स्थिर पत्ता द्या. राउटरचं रिझर्व्हेशन राउटरच्या डीएचसीपीसोबतच जाणार आहे.

मग पाय-होलच्या डीएचसीपीमध्ये टप्पा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२५० आणि गेटवे राउटरचा, १९२.१६८.१.१. गेटवेमध्ये पायचा पत्ता टाकला तर यंत्रांना डीएनएस मिळतं आणि इंटरनेट मिळत नाही.

मग राउटरचा डीएचसीपी बंद करा आणि लगेच पाय-होलचा चालू करा. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका, जो आधी उत्तर देईल त्याची लीज यंत्र घेतं आणि अर्धं घर जुन्या डीएनएसवर राहतं.

आयपीव्ही६ साठी शून्यमार्ग यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा, कारण कुलूपबंद राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट पाठवतच राहतो.

डीएचसीपीच बंद करू देत नसेल तर त्याच्या लॅन पोर्टला स्वतःचा राउटर जोडून घरातली सगळी यंत्रं आणि पाय त्याच्यामागे घ्यावे लागतात. दुहेरी नॅट (पत्त्यांची अदलाबदल दोनदा) होतं, पण एरवीच्या वापरात जाणवत नाही. बाहेरून वायरगार्ड हवं असेल तेव्हाच पोर्ट दोन ठिकाणी उघडावं लागतं.

अनाहूत_बिट

यात एक भर. डीएचसीपी पायवर असेल आणि पाय बंद पडला तर नव्याने जोडणाऱ्या यंत्राला पत्ताच मिळणार नाही. तुम्ही घरी नसताना कोणालाही करता येईल अशी चिठ्ठी राउटरला चिकटवून ठेवा: राउटरच्या पानाचा पत्ता, पासवर्ड, आणि 'डीएचसीपी चालू करा' ही एक ओळ. त्या पानापर्यंत पोहोचायला लॅपटॉपला हाताने पत्ता द्यावा लागेल, तोही लिहा: १९२.१६८.१.१०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस ९.९.९.९.

खिडकीतला_पक्षी

डीएचसीपी बंद करायचा पर्याय सापडला. पायवर आता बाराच्या बारा यंत्रं दिसत आहेत, टीव्हीसकट. आयपीव्ही६ ची जाहीर करण्याची खूण 'प्रगत' नावाच्या पानावर होती, ती काढली.

नेमस्त

छान. मूळ धाग्यातली तिसरी पायरी 'लॅनच्या पानावर, दोन्ही रकान्यांत' अशी वाचावी आणि कुलूपबंद राउटरसाठी झाडाझडती यांचा प्रतिसाद बघावा. दोन पाय-होल चालवणाऱ्यांनी याद्या आणि ग्रुप एकसारखे कसे ठेवता ते लिहावं. आवृत्ती ६ साठी हे जुळवून ठेवणारं नेब्युला-सिंक आहे, जुनं ग्रॅव्हिटी-सिंक आता त्यावर चालत नाही, एवढं सध्या धाग्यात नोंदवून ठेवतो.